आधी बरण्या, मग बिऱ्हाड

प्रिय फायटर माशा,



आमच्या इमारतीत दोन घरांनी ठरवलंय की तुला मादी आणायची आणि घरच्या घरी पिल्लं काढायची. मुलांचे व्हिडिओ पाहून झालेत, मोठ्यांनी होकार दिलाय, आणि आता सल्ल्यासाठी सगळे माझ्याकडे येतात, कारण तुझ्या जातीशी माझी जुनी संगत आहे. त्यांना जे सांगायचं ते मी तुला लिहितोय. ज्याच्या जिवावर ही हौस फिटणार, त्याच्यासमोर हे बोलणं व्हायला हवं. पत्र उघडंच ठेवतो. ज्याला तुझी जोडी लावायची असेल त्याने वाचावं.

माझं म्हणणं एवढंच की या कामाची सुरुवात शेवटाकडून करावी. आधी वाढलेल्या नरांसाठी बरण्या, मग पिल्लांच्या खाण्याची सोय, आणि हे दोन्ही हाताशी आलं की मगच मादी. बहुतेक घरांत उलटं होतं. दुकानातून नर-मादी दोन पिशव्यांत येतात, त्याच रात्री एका टाकीत पडतात, आणि बाकीचं ‘बघू नंतर’ म्हणून राहून जातं. त्या ‘नंतर’ची किंमत तू, ती मादी आणि तुमची शेकड्याने जन्मलेली पिल्लं मोजतात.

तू मूळचा सयामचा, आजच्या थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं, पाणथळ गवत, संथ ओहोळ, हे तुझं गाव. तिथलं पाणी उथळ आणि कोमट, त्यात प्राणवायू कमी. त्यावर तुझ्या पूर्वजांनी उपाय काढला : कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हाडाच्या पातळ घड्यांचा एक अवयव, लॅबिरिंथ. पृष्ठभागावर येऊन तू हवेचा घोट घेतोस आणि त्या घड्यांमधून प्राणवायू रक्तात जातो. आपल्याकडची मरळ तुझ्याच गणातली. तीही हवा घेते, म्हणून तर मंडईत घमेल्यातल्या जेमतेम पाण्यात ती तासन्‌तास जिवंत असते. पण याच गुणाने तुझा घात झाला. हवेवर जगतो म्हणजे याला पाणी नसलं तरी चालतं, असा सोयीचा अर्थ लोकांनी काढला आणि क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावापर्यंत तू प्लास्टिकच्या पेल्यांत जाऊन बसलास. पेल्यात तू लगेच मरत नाहीस, हे खरं. पण तुझ्याच विष्ठेतला अमोनिया त्या पाण्यात साचत जातो, कल्ले होरपळतात, पर कुजायला लागतात. खाचरातलं पाणी उथळ असलं तरी एकरभर पसरलेलं असतं, हे पेल्यात ठेवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

तुझी कीर्ती झाली ती मारामारीमुळे. सयाममध्ये तुझ्या झुंजी लागत, त्यावर पैजा लागत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला थिओडोर कॅंटर नावाचा डॅनिश डॉक्टर होता. त्याने १८४९ साली मलायातल्या माशांची यादी करताना झुंजीच्या माशाचं वर्णन केलं आणि ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आलं. त्याने लावलेलं नाव मात्र तुझ्या एका भाऊबंदाचं होतं. तुझी जात वेगळी आहे हे लंडनच्या चार्ल्स टेट रेगनने १९१० साली दाखवलं आणि तुला ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ हे नाव मिळालं. १९६३ च्या जेम्स बाँडच्या चित्रपटातही खलनायकाच्या टाकीत तू झुंजतोसच. आपल्याकडे प्राण्यांशी क्रूरपणे वागण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो आणि करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणं हा गुन्हा. तेव्हा पाहुणे आले की दोन बरण्यांमधला पुठ्ठा काढून गंमत दाखवणाऱ्यांनी तिथेच थांबावं. झुंजीतही तुम्ही दोघं अधूनमधून थांबून वर येता, हवा घेता आणि मग पुन्हा भिडता. श्वासाची गरज तुम्ही एकमेकांची ओळखता. वर उभी राहून बघणारी माणसं ओळखत नाहीत.

थायलंडने २०१९ च्या फेब्रुवारीत तुला राष्ट्रीय जलचर ठरवलं. तिथल्या नाखोन पथोम प्रांतात तुझी पैदास हा घराघरातला धंदा आहे. व्हिस्कीच्या सपाट बाटल्या शेजारी शेजारी रांगेने मांडलेल्या आणि प्रत्येकीत एक नर, असे तिथल्या अंगणांचे फोटो मी पुष्कळ पाहिलेत. आपल्याकडे चेन्नईचं कोळत्तूर याच कामासाठी ओळखलं जातं. मुंबई-पुण्याच्या दुकानांतला बराच शोभिवंत मासा तिकडून येतो. पोटासाठी हे करणाऱ्यांचं गणित निराळं. माझं बोलणं हौसेने करणाऱ्यांशी आहे. ज्याला यातून संसार चालवायचा नाही, त्याला घाई करायचंही कारण नाही.

आता तुझ्या त्या कामाविषयी, ज्यासाठी मला तू इतका आवडतोस.

वीस-तीस लिटरची टाकी घ्यावी आणि पाणी अर्धी-पाऊण वीतच भरावं. नळाचं पाणी असेल तर ते आधी दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवावं, क्लोरीन उडून जातं. तळ मोकळा, वाळू नको, रंगीत खडे तर मुळीच नकोत, कारण खाली गेलेलं अंडं तुला दिसलं पाहिजे. फिल्टरचा झोत नको. पाणी हललं की घरटं मोडतं. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर राहावं, म्हणजे कोकणात वर्षातले बरेच महिने काही करावं लागत नाही, पण पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर हवाच. एका कोपऱ्यात जावा मॉस किंवा हायड्रिलाचा दाट झुपका, मादीला लपायला. आणि वर एक वाळलेलं बदामाचं पान. आपल्या रस्त्यांच्या कडेला, कोकणातल्या परसात जो मोठ्या पानांचा देशी बदाम असतो, त्याची पानं लाल होऊन गळतात, तीच. थायलंडचे मासेवालेही हेच पान वापरतात. पाण्याला चहाचा रंग येतो, टॅनिनमुळे ते किंचित आम्ल होतं, बुरशी कमी धरते, आणि तुला त्या पानाखाली आडोसा मिळतो. पान झाडाखालचं, धुऊन घेतलेलं, औषध न फवारलेलं असावं.

त्याआधीचा पंधरवडा तुम्हा दोघांना वेगवेगळं ठेवून चांगलं खायला घालायचं. डासांच्या अळ्यांइतकं तुला मानवणारं दुसरं काही नाही. पण अळ्यांसाठी पाणी साठवायचं तर बादलीवर जाळी बांधावी आणि अळ्या रोजच्या रोज गाळून काढाव्यात. तुझ्या जेवणापायी शेजाऱ्यांच्या घरी डेंगी जाता कामा नये. हे ज्याला जमणार नाही त्याने गोठवलेले ब्लडवर्म आणावेत.

मादीला एकदम तुझ्यासमोर सोडायचं नाही. जुन्या लोकांची रीत सर्वांत चांगली : टाकीच्या मध्यभागी कंदिलाची काच उभी करायची आणि मादी त्या काचेच्या आत. तू तिला पाहतोस, कल्ल्यांची झाकणं फुलवतोस, सगळे पर ताणून अंग वेळावत तिच्याभोवती फिरतोस, आणि मग एकाएकी तिला सोडून पानाखाली जातोस. हवेचा घोट, तोंडातला चिकट द्राव, एक बुडबुडा. परत वर, परत एक. काही तासांत पानाखाली फेसाची जाड साय धरते. मधूनच तू तिच्याकडे येऊन जातोस आणि पुन्हा कामाला लागतोस. घाईच्या माणसाला हे पाहवत नाही. तो काच उचलतो आणि मादीच्या परांच्या चिंध्या होतात. थांबणाऱ्याने मादीकडे बघावं. तिच्या अंगावर उभे पट्टे उठले, पोट भरलेलं दिसलं, पोटाखालचा पांढरा ठिपका बाहेर आला आणि डोकं खाली घालून ती तुझ्या दिशेने वळायला लागली, की ती तयार आहे. आडवे पट्टे असतील तर ती घाबरली आहे. त्या दिवशी काच उचलायची नाही. यात मादीचा होकार पाहायचा असतो, आणि तो तिच्या अंगावर स्पष्ट लिहिलेला असतो.

काच काढल्यावरही पाठलाग होतो, थोडी ओढाताण होते. मग ती घरट्याखाली येते. तू तिच्याभोवती अंगाची कमान करून तिला वेढतोस. पहिल्या एक-दोन मिठ्यांना काहीच निष्पन्न होत नाही, हे नव्या माणसाला माहीत हवं. मग एका मिठीनंतर पांढरी, खसखशीएवढी अंडी खाली सांडतात. मादी भोवळ आल्यासारखी तरंगत राहते. तू तिच्याआधी सावध होतोस, बुडणाऱ्या अंड्यांच्या मागे जातोस, एकेक तोंडात घेतोस आणि वर जाऊन फेसात ठेवतोस. काही माद्याही अंडी वेचू लागतात. हे पुन्हा पुन्हा, काही तास. कधी पन्नास अंडी, कधी चारशेच्याही वर. शेवटी तू तिला हाकलून देतोस, आणि त्या क्षणी तिला बाहेर काढलंच पाहिजे. तिला स्वतंत्र बरणी, बदामाचं पान, शांतता. तिच्या जखमा भरायला बरेच दिवस लागतात आणि त्या काळात तिला दुसऱ्या नराजवळ नेणं हा मी अन्यायच समजतो.

यापुढे पाच दिवस ते घर तुझं एकट्याचं. फुटलेले बुडबुडे नवे करायचे, गळलेलं अंडं परत जागेवर ठेवायचं, बुरशी धरलेलं बाजूला काढायचं. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं म्हणजे बारीक रेघा; शेपटी खाली करून फेसाला लोंबतात, सुटून पडतात, आणि तू त्यांना तोंडात धरून पुन्हा टांगतोस. रात्रीही तुझी फेरी चालू असते. खाण्याकडे तुझं लक्ष नसतं. कोन्राड लोरेन्झसारख्या प्राणिवर्तनाच्या मोठ्या अभ्यासकाला तुझ्याविषयी लिहावंसं वाटलं यात नवल नाही. याच दिवसांत घरातल्यांचा मात्र धीर सुटतो. दर अर्ध्या तासाला मोबाइलची बॅटरी मारून पाहायचं, काचेवर टकटक करायचं, नातेवाइकांना बोलावून दाखवायचं. मग तू दचकतोस, आणि दचकलेला नर अंडी खाऊन टाकतो. त्यावर लोक तुला निर्दय म्हणतात. मुलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एवढं करा : टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावा आणि मंद दिवा एकसारखा चालू ठेवा, म्हणजे अंधारात पडलेलं पिल्लू त्याला सापडेल.

अंडी फुटल्यावर दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी होऊन पोहायला लागतात. तुझं काम तिथे संपतं. तुला तिथून काढायचं, दोन दिवस भरपूर खायला घालायचं, आराम द्यायचा.

आणि माणसाचं काम तिथून सुरू होतं. घरी पिल्लं काढणाऱ्यांची बहुतेक फसगत पुढच्या दहा दिवसांत होते, आणि ती निव्वळ भुकेमुळे. अंड्यातला बलक संपलेला असतो आणि पिल्लाचं तोंड इतकं लहान की दुकानातलं पिठासारखं बारीक खाद्यही त्याला गिळता येत नाही. शिवाय जे हलत नाही त्याच्याकडे ते बघतही नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून घालतात, त्याने पाणी मात्र नासतं. पहिले काही दिवस इन्फुसोरिया लागतो, म्हणजे पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव. तळ्याच्या किंवा जुन्या टाकीच्या पाण्यात केळ्याच्या सालीचा तुकडा किंवा कोबीचं पान टाकून ठेवलं की चार-पाच दिवसांत ते पाणी आधी गढूळ होतं, मग निवळतं. निवळलं की तयार. ही बरणी मादी आणण्याच्या आधी ठेवलेली असली पाहिजे. पिल्लं झाल्यावर ठेवली तर ती तयार होईपर्यंत पिल्लं उरत नाहीत. त्यापुढे मायक्रोवर्म नावाचे बारीक किडे आणि आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची पिल्लं. आर्टेमियाची सुकी अंडी डब्यात मिळतात. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, तळातून हवेचे बुडबुडे, कोमट जागा, आणि एका दिवसात केशरी ठिपके पोहायला लागतात. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून दोनदा, जमल्यास तीनदा द्यायचे. पिल्लांची पोटं केशरी दिसली की समजावं की आजचा दिवस निभावला. रोज एक डाव बंद, दुसरा चालू, अशा दोन बाटल्या ठेवाव्या लागतात. घरात एक माणूस महिनाभर गावाला जाणार नाही याची खात्री असेल तरच यात पडावं.

टाकीवर झाकण हवं, तेही घट्ट. लॅबिरिंथ घेऊन कोणतंही पिल्लू जन्मत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तो तयार होत जातो आणि पिल्लं वर येऊन पहिला घोट घेऊ लागतात. त्या वेळी पाण्यावरची हवा गार असेल तर मोठं नुकसान होतं. पाणी बदलायचं ते हवेच्या बारीक नळीने, थोडं थोडं, थेंब थेंब.

यातूनही जगली, वाढली, की दोन महिन्यांच्या सुमाराला तुझे मुलगे एकमेकांवर कल्ले फुलवू लागतात. आता बरण्यांचा हिशेब करू. दीडशे पिल्लांतली साठ वाढली असं धर. त्यांतले निम्मे नर, म्हणजे तीस बरण्या. प्रत्येकीत दोन लिटर पाणी आणि ते आठवड्यातून तीनदा बदलायचं, तर आठवड्याला एकशे ऐंशी लिटर, तेही आधी मुरवून ठेवलेलं. ज्या घरात पाणी सकाळी तासभर येतं, तिथे हे पाणी कुणाच्या वाट्याचं कमी करायचं? गच्चीत उन्हात ठेवायच्या बरण्या नव्हेत या. घरातली एक भिंत द्यावी लागते. शिवाय दोन नरांच्या मध्ये पुठ्ठा लागतो, नाहीतर दिवसभर समोरचा दिसत राहतो आणि दोघंही थकून जातात. मित्रांना वाटू म्हणावं, तर ज्या मित्राकडे टाकी आहे असे किती असतात? दुकानदार घेतो, पण त्याच्याकडे पुन्हा तोच प्लास्टिकचा पेला. म्हणून मी सांगतो, की जेवढ्या बरण्यांना घरात जागा आहे तेवढ्याच पिल्लांची जबाबदारी घ्या. अंडी जास्त झाली तर घरट्यातली काही पहिल्याच दिवशी, त्यात जीव आकाराला येण्याआधी, काढून टाकावीत. ऐकायला हे कठोर वाटेल, पण महिन्याभराच्या पिल्लांना उपाशी मरू देण्यापेक्षा ते कितीतरी दयेचं आहे.

आणि उरलेली पिल्लं तळ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडायची नाहीत. कितीही कळवळा आला तरी नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत ॲडलेड नदीच्या पाणथळ भागात तुझी जात अशीच पसरलेली आहे. आमच्या ओढ्यांत आमचे छोटे मासे आहेत, त्यांनाही त्यांचं घर आहे.

राहिला जोडी कुठली लावायची हा प्रश्न. तुझे रंग आणि पर ही बहुतांशी माणसाची निवड. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाच जातींच्या अठ्ठ्याण्णव माशांचा जनुकसंच वाचला गेला. त्यात दिसलं की पाळीव बेट्टात जवळच्या रानटी जातींचंही रक्त मिसळलेलं आहे, आणि रंग व परांचा आकार ठरवणारी जनुकं मोजकी पण जबरदस्त प्रभावाची आहेत. म्हणजे थोड्या पिढ्यांत तुझं रूप पार बदलून टाकणं माणसाला सहज जमतं. १९८० च्या दशकात अमेरिका-फ्रान्समधल्या हौशी लोकांनी अर्धवर्तुळाएवढी उघडणारी हाफमून शेपटी आणली, १९९० च्या दशकात इंडोनेशियात काट्याकाट्यांची क्राउनटेल आली. दिसायला सुंदर आहे सगळं, मी नाकारत नाही. पण मोठ्या शेपटीचे हाफमून थोडं पोहून पानावर आडवे होऊन बसतात, काही तर आपलीच शेपटी चावून हलकी करतात. जाड चमकदार खवल्यांच्या ड्रॅगनमध्ये काहींच्या डोळ्यांवरही खवल्यांचा पडदा चढतो आणि मासा आंधळा होतो. दुहेरी शेपटीचे दोन डबल-टेल एकमेकांना लावले की आखूड, वाकड्या पाठीची पिल्लं निघतात, हा जुन्या ब्रीडरांचा अनुभव. ज्याला घरट्यापर्यंत दहा वेळा खाली-वर करता येत नाही, अशा बापाची निपज आपण मुद्दाम का करावी? माझं मत विचारशील तर घरच्या हौसेला आखूड शेपटीचा प्लाकात उत्तम : अंग तुझ्या रानातल्या पूर्वजांसारखं, पोहणं दमदार, आणि रंग म्हणशील तर त्यातही काही कमी नाहीत.

म्हणून त्या दोन घरांना मी असं कळवतोय. या महिन्यात मादी आणू नका. आधी इन्फुसोरियाची बरणी लावा आणि ती टिकते का बघा. आर्टेमिया दोनदा फुटवून दाखवा. बरण्यांची भिंत ठरवा, आणि पाणी कोण बदलणार त्याचं नाव ठरवा; मुलांची परीक्षा कधी आहे तेही बघून घ्या. हे झालं की बाजारात मी स्वतः बरोबर येईन आणि सरळ पाठीची, स्वच्छ डोळ्यांची, तुझ्याहून किंचित लहान मादी बघून देईन. यातलं काही जमणार नसेल तर पिल्लांचा विचार सोडून तुला एक चांगली वीस लिटरची टाकी, झाकण, हायड्रिला आणि रोज दोन वेळचं खाणं एवढंच द्या. एकट्याने राहण्याचा तुला त्रास नाही. घरटं तू मादीवाचूनही बांधतोसच.

पान कालच बदललंय. जुनं अगदी जाळीदार झालं होतं.

तुझा,
पाणी बदलणारा